पदवीचा हिशेब करून देणारी सेवा: अहवालाला एक तारा, सल्लागाराला पाच

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते, कारण ते कळल्याशिवाय हा अभिप्राय कुणाच्या कामाचा नाही. वय ३९. शाळा संपल्यावर दोन वर्षांचा लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केला आणि नोकरीला लागले, त्याला १८ वर्षं झाली. रक्त काढणं, सेंट्रिफ्यूज लावणं, अ‍ॅनालायझर कॅलिब्रेट करणं, रोज सकाळी कंट्रोल (म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेला नमुना) चालवून चार्टवर ठिपके मांडणं आणि ठिपका रेषेबाहेर गेला की काम थांबवून मशीनशी भांडणं, हे सगळं मी झोपेतही करू शकते. रिपोर्टवर सही मात्र माझी चालत नाही. पदवी नाही.

दरवर्षी पदवी घेऊन नवी मुलं येतात. हिमोलाइज झालेला, म्हणजे रक्तपेशी फुटलेला नमुना डोळ्यांनी कसा ओळखायचा, त्यात पोटॅशियम खोटं वाढलेलं का दिसतं, हे त्यांना मी शिकवते. तीन-चार वर्षांत त्यांच्यातलंच कुणीतरी माझं वरिष्ठ होतं. गेल्या वर्षी झाला तो अजून ‘ताई, हे जरा बघता का?’ म्हणत माझ्या टेबलाशी येतो. मुलगा गुणी आहे, त्याचा काही दोष नाही. पण त्या दिवशी घरी येऊन मी पहिल्यांदा ‘या वयात पदवी घेऊन फायदा होतो का’ असं शोधलं आणि त्यातून या सेवेपर्यंत पोचले.

सेवेचं नाव लिहीत नाही. या प्रकारच्या बहुतेक सेवा एकाच साच्यातल्या आहेत, त्यामुळे खालचं सगळं तुम्हाला दुसरीकडेही भेटेल. पॅकेज असं: ऑनलाइन प्रश्नावली, २२ पानांचा अहवाल आणि सल्लागाराशी पाऊण-पाऊण तासाची दोन व्हिडिओ सत्रं. शिक्षण वाढवलं तर कमाई किती वाढेल आणि कोणती कामं खुली होतील ते सांगतो, असा त्यांचा दावा.

पहिला खडा पहिल्याच पानावर लागला. ‘आपले सर्वोच्च शिक्षण’ या रकान्यात शाळा, पदवी, पदव्युत्तर आणि डॉक्टरेट एवढेच पर्याय. डिप्लोमा नाहीच. गंमत म्हणजे त्याच पानावर तळाला लिहिलंय की शिक्षणाच्या पातळ्या युनेस्कोच्या वर्गवारीनुसार घेतल्या आहेत. मी ती वर्गवारी काढून बघितली. २०११ च्या आवृत्तीत ० ते ८ अशा नऊ पातळ्या आहेत. शाळा आणि पदवी यांच्यामध्ये चौथी आणि पाचवी पातळी आहे, ती माझ्यासारख्यांसाठीच. यांनी ती गाळली. मला ‘शाळा’ निवडावं लागलं आणि माझी दोन वर्षं तिथेच पुसली गेली.

मग आवडीनिवडीची चाचणी. हे आवडतं का, ते आवडतं का, असे साठेक प्रश्न आणि शेवटी सहा प्रकारांपैकी तुमचा प्रकार. मूळ सिद्धांत मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांचा, १९५९ चा. माझा प्रकार ‘शोधक’ निघाला. अठरा वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या बाईला हे सांगायला साठ प्रश्न लागले. पुढे जाऊ.

अहवालाचा कणा म्हणजे पाचव्या पानावरचा तक्ता. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाचे २०२३ चे आकडे आहेत: २५ वर्षं आणि त्यावरच्या, पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्या लोकांचा आठवड्याचा मधला पगार. शाळा अर्धवट सोडलेले ७०८ डॉलर, शाळा पूर्ण केलेले ८९९, कॉलेजात गेले पण पदवी न घेतलेले ९९२, दोन वर्षांची पदविका असलेले १,०५८, पदवीधर १,४९३, पदव्युत्तर १,७३७, डॉक्टरेट २,१०९ आणि डॉक्टर-वकिलांची व्यावसायिक पदवी असलेले २,२०६. बेरोजगारी याच्या उलट दिशेने उतरत जाते. शाळा अर्धवट सोडलेल्यांत ५.६ टक्के, पदवीधरांत २.२.

तक्ता खोटा नाही. सरासरीऐवजी मधला पगार घेतला हेही बरं केलं, नाहीतर चार गब्बर माणसं सगळा आकडा वर ओढून नेतात. पण मधला म्हणजे रांगेत बरोबर मध्ये उभा असलेला. निम्मे पदवीधर त्या १,४९३ च्या खाली आहेत, हे अहवालात एका शब्दाने येत नाही. आणखी एक गोष्ट मी पेन्सिलीने खूण करून ठेवली. ८९९, ९९२ आणि १,०५८ या लहान पायऱ्या आहेत आणि मग एकदम १,४९३ ची उडी. कॉलेजात दोन-तीन वर्षं काढून पदवी न घेता बाहेर पडलेल्याला त्या वर्षांचं फारसं काही मिळत नाही. खरी वाढ कागद हातात आल्यावर. अर्थशास्त्रात याला मेंढीच्या कातड्याचा परिणाम म्हणतात, कारण पूर्वी पदवीची सनद मेंढीच्या कातड्यावर लिहीत. अर्धवट राहण्याचा धोका हा खरंतर माझ्या वयाच्या माणसाला सगळ्यात आधी सांगायला हवा. अहवालात तो कुठेच नाही.

हा तक्ता मी धाकट्या भावाला दाखवला. तो लिफ्ट बसवतो आणि दुरुस्त करतो. कॉलेज तिसऱ्या वर्षाला सोडलं, मग चार वर्षं एका मुरलेल्या कारागिराच्या हाताखाली शिकाऊ म्हणून काढली. आज त्याची कमाई माझ्या दीडपट आहे. त्याने तक्त्यात स्वतःला शोधलं, ९९२ वाल्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘ताई, यात मी कॉलेज सोडलेला आहे. लिफ्टवाला आहे कुठे?’ बरोबर होतं त्याचं. मूळ तक्त्याखाली त्या विभागाने स्वतःच टीप दिली आहे की इथे फक्त सर्वोच्च शिक्षण मोजलंय, शिकाऊ उमेदवारी आणि कामावरचं प्रशिक्षण धरलेलं नाही. अहवालवाल्यांनी तक्ता उचलला आणि टीप तिथेच टाकून आले.

भावाची गोष्ट इथे संपत नाही, म्हणून तिचा ‘शिकून काय मिळतं’ असा अर्थ काढू नका. तो ३५ चा आहे आणि त्याचे गुडघे बोलायला लागलेत. लिफ्टच्या खड्ड्यात उतरणं आणखी वीस वर्षं जमणार नाही हे त्याला कळतं. त्याला तपासनीस व्हायचंय, आणि त्या जागेच्या जाहिरातीत पदवी मागतात. पगार आज त्याच्याकडे आहे, पण बाजूला सरकायला जागा नाही. माझं दुखणं वेगळं दिसत असलं तरी दोघांचं गाडं एकाच ठिकाणी अडलंय.

आता अहवालातल्या गणिताकडे येते, कारण इथेच त्याचा तारा गेला. अकराव्या पानावर एक वक्ररेषा होती: पदवी घेतल्यास आयुष्यभराची कमाई इतकी, न घेतल्यास इतकी. तिच्यामागचं सूत्र अर्थशास्त्रज्ञ जेकब मिन्सर यांचं, १९७४ चं. शिक्षणाची वर्षं, अनुभवाची वर्षं आणि त्या वर्षांचा वर्ग, म्हणजे त्या आकड्याला त्यानेच गुणून येणारा आकडा. हा वर्ग वजा होतो, म्हणून पगार सुरुवातीला भराभर चढतो आणि नंतर सपाट होतो. माझ्या पगाराच्या चिठ्ठ्या काढून बघितल्या, हुबेहूब तसंच आहे: पहिली सहा-सात वर्षं चढ, मग पठार. सूत्राबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एकोणिसाव्या पानावरच्या टीपेबद्दल आहे. मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय की हिशेब वयाच्या १८ व्या वर्षी शिक्षण सुरू केलं असं धरून मांडला आहे. माझं वय त्यांनी पहिल्याच पानावर विचारलं होतं! मग ते विचारलं कशाला?

आणि शेवटची तीन पानं. तिथे माझ्यासाठी चार ‘सर्वाधिक परतावा देणारे’ अभ्यासक्रम सुचवले होते. चारही ऑनलाइन, चारही व्यवस्थापनाचे, प्रत्येकाखाली नोंदणीचं बटण. यातला कुठलाही अभ्यासक्रम केला तरी मला रिपोर्टवर सही करता येणार नाही, कारण तिथे माझ्या विषयातलीच पदवी लागते. कुठली पदवी, हा प्रश्न पदवी आहे की नाही याच्याइतकाच मोठा असू शकतो. नॉर्वेतल्या प्रवेशांच्या नोंदींवरून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच दिसलं: थोड्या गुणांनी एका शाखेऐवजी दुसरीत गेलेल्यांच्या कमाईत मोठा फरक पडला. यांच्या लेखी मात्र पदवी म्हणजे पदवी. पुढे सल्लागाराने कबूल केलं की त्या बटणावर दलाली मिळते. निदान कबूल तरी केलं.

अहवाल वाचून मी पैसे परत मागणारच होते. सत्रं बाकी होती म्हणून थांबले, आणि थांबले ते बरं झालं.

सल्लागार साठीच्या आसपासचे गृहस्थ. पहिल्या सत्रात मी तक्रारींची यादी घेऊनच बसले होते. म्हटलं, ‘सर, आमच्याकडे कंट्रोल चालवल्याशिवाय रिझल्ट बाहेर जात नाही. तुमच्या तक्त्याला कंट्रोल कुठाय? पदवी घेणारी मुलं मुळातच बऱ्या घरातली, अभ्यासू असतील. ती पदवी न घेताही जास्तच कमावती.’ ते हसले आणि म्हणाले, ‘मॅडम, हाच प्रश्न अर्थशास्त्रज्ञांनी जुळ्यांना नेऊन विचारला.’

मग त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर स्वतः शोधून वाचलं. अमेरिकेत ओहायोमध्ये ट्विन्सबर्ग नावाचं गाव आहे, तिथे दरवर्षी जुळ्यांचा मेळा भरतो. ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर आणि अ‍ॅलन क्रूगर १९९१ च्या मेळ्यात प्रश्नावल्या घेऊन पोचले. एकसारखी जनुकं, एकच घर, पण शिक्षण वेगळं: मग पगारात किती फरक? म्हणजे जुळा भाऊ हाच कंट्रोल. मला त्याहून आवडलं ते हे, की त्यांनी प्रत्येकाला स्वतःचं शिक्षण विचारलंच, शिवाय जुळ्याचंही विचारलं, कारण माणसं स्वतःबद्दल चुकीचं सांगतात. आम्ही शंका आली की नमुना दोनदा लावतो, तसंच. १९९४ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे पगार १२ ते १६ टक्के जास्त. पुढे जास्त जुळी घेऊन केलेल्या अभ्यासांत आकडा ९-१० टक्क्यांपर्यंत उतरला, पण शून्यावर आला नाही. जगभरचे अंदाज एकत्र केलेल्या २०१८ च्या एका आढाव्यातही वर्षाला सुमारे ९ टक्केच येतात आणि बायकांच्या बाबतीत दोनेक टक्के जास्त. हे ऐकून लगेच खूश होऊ नका. टक्के जास्त म्हणजे पगार जास्त असं नाही. कमी शिकलेल्या बाईचा पगारच इतका खाली असतो की तिथून चढण मोठी दिसते.

माझी शंका तिथे फिटली. शिक्षणाने फरक पडतो, तो नुसता घरच्या परिस्थितीचा खेळ नाही. पण का पडतो? सरांनी तीन कारणं सांगितली आणि माझ्यासाठी सगळ्या पॅकेजची किंमत इथे वसूल झाली. एक, शिकल्यामुळे माणूस कामात खरंच तरबेज होतो. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये या विचाराला घडीव रूप दिलं. दुसरं, मायकल स्पेन्स यांचं १९७३ चं म्हणणं: मालकाला उमेदवाराची कुवत आतून दिसत नाही, म्हणून तो पदवीकडे खूण म्हणून बघतो, मग शिकवलेलं कामाला येवो न येवो. आणि तिसरं, नियम. काही कामांना ठरावीक कागद लागतोच, तिथे तुमच्या कुवतीचा प्रश्नच येत नाही.

‘तुमचं गाडं यातल्या कशावर अडलंय?’ त्यांनी विचारलं.

मी बराच वेळ गप्प होते. काम मला येतं, त्यामुळे पहिलं नाही. अठरा वर्षं तिथेच आहे, माझी कुवत सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे दुसरंही नाही. माझं अडलंय ते निव्वळ नियमावर. इतकी वर्षं मी उगाच मनात घोळवत होते की मला कमी येतं की काय. पगारावरच्या अभिप्रायात हे लिहावं की नाही कळत नाही, पण लिहिलं.

दुसऱ्या सत्रासाठी गृहपाठ मिळाला: तक्ते बंद करा, तुम्हाला जी नोकरी हवी तिच्या जाहिराती गोळा करा आणि अटी मोजा. मी तीन आठवड्यांत पर्यवेक्षक किंवा गुणवत्ता विभागाच्या २३ जाहिराती जमवल्या. १९ मध्ये माझ्या विषयातली पदवी सक्तीची होती, तिघांत ‘पदवी किंवा तितका अनुभव’, एकात काहीच नाही. पगार सांगितला होता तिथे माझ्या आजच्या पगारापेक्षा साधारण ३० टक्के जास्त. अहवालातल्या तक्त्यात पदविकेवरून पदवीला ४१ टक्क्यांची उडी दिसते. सगळ्या धंद्यांची मोळी बांधून काढलेला आकडा आणि माझ्या धंद्यातला आकडा यांतला फरक हा.

मी विचारलं, ‘पण सर, आता तर पदवीची अट काढून टाकताहेत म्हणे?’ त्यावर त्यांचं उत्तर थंड होतं. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने मार्च २०२२ मध्ये हजारो सरकारी जागांवरची पदवीची अट काढली, बऱ्याच मोठ्या कंपन्यांनीही तशा घोषणा केल्या. मग २०२४ मध्ये कुणीतरी प्रत्यक्ष भरती मोजली, तर या बदलामुळे वर्षाला ७०० नेमणुकांमागे एकीलाही धड फरक पडलेला नव्हता. ‘त्या एकीत तुम्ही असाल या भरवशावर बसू नका,’ म्हणाले.

मग हिशेब. हा मी जसाच्या तसा देते, कारण तुम्हाला स्वतःचे आकडे घालता येतील. माझा महिन्याचा पगार १०० धरला. पदवीनंतर १३०, म्हणजे महिन्याला ३० जास्त. तीन वर्षांची फी ८००, म्हणजे माझा आठ महिन्यांचा पगार. नोकरी सोडून शिकले तर ३६ महिन्यांचा पगार बुडतो, ३,६००. एकूण खर्च ४,४००. महिन्याला ३० प्रमाणे तो भरून यायला १४७ महिने, सव्वाबारा वर्षं. शिकून बाहेर पडेन तेव्हा मी ४२ ची असेन, म्हणजे पंचावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर मी फक्त बरोबरीला येणार. बुडालेला पगार हा फीच्या साडेचारपट आहे, आणि अहवालात तो एका वाक्यातही नव्हता.

तेव्हा त्यांनी विचारलं, ‘डिप्लोमाचे क्रेडिट्स धरतात का, असं कुठल्या कॉलेजला विचारलंत का?’ नव्हतं विचारलं. मला वाटायचं, तो विषय कधीच संपला. दुसऱ्या दिवशी तीन ठिकाणी फोन केले. एकाने उडवून लावलं, एकाने मेल करा म्हटलं आणि तिसऱ्या ठिकाणी थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो असं कळलं, तोही नोकरी करून, फक्त प्रात्यक्षिकांसाठी ठरलेल्या दिवशी हजर राहायचं. फी ६०० वर आली, बुडणारा पगार शून्य. ६०० भागिले ३०: वीस महिने.

सव्वाबारा वर्षं आणि वीस महिने. माणूस तोच, पदवी तीच. अहवालात हा प्रश्न विचारायला जागाच नव्हती, कारण डिप्लोमाचा रकानाच नव्हता.

वीस महिन्यांच्या हिशेबात बढती नक्की मिळणार असं धरलंय, हे मला ठाऊक आहे. माझ्या लॅबमध्ये वरची जागा रिकामी व्हायला हवी, नाहीतर दुसरी लॅब शोधावी लागेल. शिवाय संध्याकाळी थकलेल्या डोक्याने अभ्यास होतो की नाही, हे अजून बघायचंय. सरांनीही तसं स्पष्ट सांगितलं आणि पहिली परीक्षा होईपर्यंत पुढच्या वर्षाची फी आगाऊ भरू नका, असा सल्ला दिला.

किरकोळ तक्रारी: सत्राची वेळ दोनदा बदलली, एकदा तर तासभर आधी. सत्राचं रेकॉर्डिंग फक्त सात दिवस राहतं, त्यामुळे वही घेऊन बसा. अहवालाची भाषा कुठल्यातरी यंत्रातून काढल्यासारखी आहे, ‘आपण आपल्या क्षमतांना गवसणी घाला’ वगैरे.

घ्यावी का ही सेवा? नुसत्या सत्रांचं पॅकेज देत असतील तर घ्या, अहवालाचे पैसे वाचवा. शाळा नुकतीच संपलेल्या मुलासाठी तो अहवाल कदाचित इतका वाईट ठरणार नाही, कारण सगळा हिशेब त्याच्याच वयाचा आहे. माझ्या भावासारखं हातात कसब असलेल्यांनी अहवाल उघडूच नये. त्याला मी सरांचं एक सत्र स्वतंत्रपणे घेऊन दिलंय, पुढच्या आठवड्यात आहे. कामाच्या अनुभवावर कुठे सूट मिळते का, हे पहिल्यांदा विचार, असं बजावलंय.

मी प्रवेश घेतलाय. काल सेवेकडून ‘आपला अनुभव कळवा’ असा मेल आला. फॉर्म उघडला तर पहिलाच प्रश्न: आपले सर्वोच्च शिक्षण. पर्याय तेच, पण आता शेवटी एक ‘इतर’ वाढवलंय. माझ्या तक्रारीमुळे असावं. मी ‘इतर’ वर टिचकी मारली आणि पुढच्या मोकळ्या चौकटीत टाइप केलं: डिप्लोमा, आणि दुसरं वर्ष चालू.